पडलेल्या उमेदवाराचा निरोप

निवडून आलेल्या माणसाचें पुढें काय होतें तें सर्वांस ठाऊक असतें. हार पडतात, गुलाल उधळला जातो, छायाचित्रें निघतात, आणि कालपर्यंत ओळख न देणारे गृहस्थ आज त्याच्या दारांत उभे असतात. परंतु पडलेल्याचें काय होतें, आणि त्याहूनहि त्याच्यामागून उन्हातान्हांत हिंडलेल्या माणसांचें काय होतें, याची चौकशी करण्यास कोणास फुरसत नसते. या महिन्यांत ती चौकशी करण्याचा योग आम्हांस एका पत्रामुळें आला.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांत असते. जन्म तिकडचाच. मराठी बोलते, वाचते; लिहितांना मात्र ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध बाळगीत नाहीं. नुकतेंच तिनें बिऱ्हाड बदललें. सामान आवरतांना तिला २०१६ सालची एक निळी पाटी सांपडली. त्या वर्षीं ती महाविद्यालयांत शिकत होती, आणि सेनेटर बर्नी सँडर्स यांना अध्यक्षपदाची उमेदवारी मिळावी म्हणून फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडींत न्यू हॅम्पशायर राज्यांत घरोघर दारें ठोठावीत हिंडली होती. "काका," ती लिहिते, "ज्या माणसासाठीं मी बर्फांतून चाललें, त्यानेंच जुलै महिन्यांत आम्हांला सांगितलें कीं आतां दुसरीला मत द्या. त्या दिवशीं मी रडलें. ही पाटी ठेवावी कीं टाकून द्यावी तें मला अजून कळत नाहीं. त्यानें आम्हांला फसवलें का?"

हें पत्र आम्हीं रात्रीं जेवणाच्या वेळीं सर्वांस वाचून दाखविलें. आमचे थोरले चिरंजीव म्हणाले, "फसवलें, यांत शंका कसली?" आमच्या सौ. म्हणाल्या, हरल्यावरहि भांडत बसणें हा कांहीं पुरुषार्थ नव्हे. मातोश्रींनीं एवढेंच विचारलें कीं त्या बर्फांत पोरीच्या पायांत धड बूट तरी होते काय. एकमत झालें नाहीं. तेव्हां ही बाब जरा मुळापासून पाहावी असें आम्हीं ठरविलें.

प्रथम एक फरक ध्यानांत घेतला पाहिजे. आपल्याकडे पक्षाचें तिकीट श्रेष्ठी देतात. ज्यास तें मिळत नाहीं तो रुसतो, अपक्ष म्हणून अर्ज भरतो, आणि अर्ज मागें घेण्याच्या शेवटच्या घटकेपर्यंत त्याची मनधरणी चालते. अमेरिकेंत उमेदवारी कोणास द्यावयाची हें पक्षाचे सामान्य मतदारच प्राथमिक निवडणुकींत ठरवितात. अध्यक्षपदाच्या बाबतींत ही झुंज वर्षाच्या आरंभीं सुरू होते आणि राज्यामागून राज्य करीत जूनपर्यंत चालते. राज्याराज्यांतून प्रत्येकाच्या वांट्यास प्रतिनिधी येतात, आणि उन्हाळ्यांत पक्षाच्या अधिवेशनांत हे प्रतिनिधी उमेदवारावर शिक्कामोर्तब करतात. म्हणजे सहा महिने एकाच घरचीं माणसें चव्हाट्यावर एकमेकांचीं उणीं काढीत असतात, आणि सातव्या महिन्यांत त्यांनीं एका पंगतीला बसून हसतमुखानें वाढून घ्यावें अशी अपेक्षा असते. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हें किती अवघड आहे तें निराळें सांगावयास नको.

या खेळांत बाहेर पडणारा उमेदवार "मी माघार घेतली" असें सहसा म्हणत नाहीं. तो म्हणतो, "मी आपली मोहीम स्थगित करीत आहें." या स्थगितीस शब्दापलीकडे कांहीं अर्थ आहे. मिळालेले प्रतिनिधी हातचे जात नाहींत, आणि झालेलें कर्ज फेडण्यासाठीं वर्गणी मागतां येते. पण आमच्या मतें त्याचें खरें कारण माणसांच्या मनांत आहे. माघार हा शब्द ऐकवत नाहीं, स्थगिती ऐकवते. मृत्यूस आपण कैलासवास म्हणतों, तसेंच हें.

हा निरोप नीट घेतला गेल्याचें सर्वांत सुबक उदाहरण आम्हांस २००८ सालचें वाटतें. त्या वर्षीं डेमोक्रॅटिक पक्षांत हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांची झुंज शेवटच्या दिवसापर्यंत चालली. ३ जून रोजीं माँटाना आणि साउथ डकोटा या अखेरच्या दोन राज्यांत मतदान झालें. साउथ डकोटा क्लिंटनबाईंनीं जिंकलें. पण त्याच दिवशीं ओबामा यांनीं आवश्यक प्रतिनिधींचा आंकडा ओलांडला. त्या रात्रीं न्यू यॉर्क येथें बाईंचें भाषण झालें. पराभव मान्य नाहीं, अभिनंदन हात राखून, आणि उलट श्रोत्यांस विनंती कीं मीं पुढें काय करावें तें मला लिहून कळवा! दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांनीं बाईंस धारेवर धरलें. त्या वेळीं आम्हींहि घरांत बसून नाक मुरडलें होतें, हें कबूल केलें पाहिजे.

आतां तसें वाटत नाहीं. त्या रात्रीं त्या सभागृहांत जमलेलीं माणसें आशा धरून आलेलीं होतीं. त्यांच्यांत साठी-सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी स्त्रिया होत्या, ज्यांना आपल्या हयातींत एक स्त्री त्या खुर्चीवर बसलेली पाहावयाची होती. त्यांना त्याच घटकेस "आतां विसरा" म्हणून सांगणें म्हणजे प्रेत अंगणांत असतांना वांटणीची भाषा काढण्यासारखें झालें असतें. बाईंनीं चार दिवस जाऊं दिले. दहा दिवसांचें सुतक चारांवर आटोपलें म्हणा, पण पाळलें.

७ जून रोजीं वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय इमारत संग्रहालयाच्या प्रचंड दिवाणखान्यांत त्यांनीं निरोपाचें भाषण केलें. ओबामा यांचें नांव निघतांच श्रोत्यांतून कोठें कोठें कुरबूर ऐकूं आली. बाईंनीं तिकडे लक्ष न देतां तें नांव पुन्हां पुन्हां घेतलें. पाठिंबा दिला तो मोघम शब्दांत नव्हे. आपल्याला ज्या नेटानें साहाय्य केलेंत त्याच नेटानें आतां यांना करा, असें स्वच्छ सांगितलें. आणि मग त्या आपल्या माणसांकडे वळल्या. स्त्रीच्या डोक्यावर एक न दिसणारें काचेचें छत असतें, तें तिला वर चढूं देत नाहीं, अशी इंग्रजींत कल्पना आहे. तें छत या खेपेस फुटलें नाहीं, पण तुमच्यामुळें त्यास एक कोट ऐशीं लाख तडे गेले आहेत, अशा आशयाचें त्या बोलल्या. एक कोट ऐशीं लाख हा त्यांना मिळालेल्या मतांचा आंकडा. प्रत्येक मताचा एक तडा! ज्या म्हाताऱ्या बाईनें आयोवांत किंवा ओहायोंत रांगेंत उभें राहून मत दिलें, तिला आपलें मत फुकट गेलें नाहीं हें कळलें. त्याच भाषणांत त्यांनीं आणखीहि एक गोष्ट बजावली: "असें झालें असतें तर" हा विचार मनांत येऊं लागला तर त्या वाटेस जाऊं नका. हें त्यांनीं श्रोत्यांस सांगितलें कीं स्वतःस, कोण जाणे.

आतां पैशाची गोष्ट. आमच्या घरांत राजकारणाच्या गप्पा निघाल्या म्हणजे पैशाचा विषय काढणें असंस्कृत समजलें जातें. पण पडलेल्या उमेदवाराच्या दारांत पहिला उभा राहतो तो देणेकरी. क्लिंटनबाईंच्या मोहिमेवर दोन कोटी डॉलरांहून अधिक कर्ज झालें होतें, आणि त्यांत एक कोटीहून अधिक रक्कम त्यांनीं स्वतःच्या पदरची उसनी घातलेली होती. छापखानेवाले, जागांचे मालक, सल्लागार अशांचीं बिलें थकलेलीं. जूनच्या अखेरीस वॉशिंग्टनच्या एका हॉटेलांत बाईंनीं आपल्या मोठमोठ्या देणगीदारांची ओबामा यांच्याशीं गांठ घालून दिली. तेथें ओबामा यांनीं बाईंचें कर्ज फेडण्यास आपणहि २३०० डॉलर देत आहों असें जाहीर केलें. कायद्यानें एका माणसास तेवढेच देतां येत होते. रक्कम कर्जाच्या मानानें चिमूटभर. पण जेत्यानें खिशांत हात घातला ही गोष्ट देणगीदारांच्या डोळ्यांत भरली. बाईंनीं स्वतःचें उसनें पुढें सोडून दिलें, आणि बाकीचें कर्ज पुरतें फिटावयास २०१३ साल उजाडलें.

दुसऱ्याच दिवशीं, २७ जून रोजीं, दोघांची पहिली एकत्र सभा न्यू हॅम्पशायर राज्यांत युनिटी नांवाच्या खेड्यांत भरली. युनिटी म्हणजे एकी. नांव तर समर्पक होतेंच. पण त्या खेड्यानें जानेवारींत दोघांनाहि बरोबर १०७ च मतें दिलीं होतीं. राजकारणांत असले योगायोग शोधून काढणारीं माणसें पगारावर ठेवलेलीं असतात, हें आम्हांस ठाऊक आहे. तरीहि तें वाचून बरें वाटलें.

तेवढ्यानें सर्वांचे राग शमले असें नाहीं. कित्येक समर्थकांनीं ओबामा यांस मत देणार नाहीं म्हणून गट काढले. ऑगस्टमध्यें डेन्व्हरच्या अधिवेशनांत बाई बोलावयास उभ्या राहिल्या तेव्हां त्यांनीं आपल्याच माणसांस उलट प्रश्न केला: तुम्ही या मोहिमेंत केवळ माझ्यासाठीं आलां होतां, कीं त्या सैनिकासाठीं, त्या आजारी आईसाठीं, ज्यांच्या गोष्टी आपण गांवोगांव ऐकल्या? हा प्रश्न विचारणें फार जड असतें. आपल्यावर जीव टाकणाऱ्या माणसास "माझ्यावर इतका जीव टाकूं नकोस" असें सांगण्यास ज्या प्रकारचें मन लागतें तें निवडणुकीच्या धामधुमींत टिकत नाहीं. दुसऱ्या दिवशीं मतमोजणी चालू असतां त्यांनीं न्यू यॉर्कच्या प्रतिनिधींतून उठून, मोजणी थांबवावी आणि ओबामा यांची निवड एकमुखानें करावी, असा ठराव मांडला. प्रतिनिधींनीं आपापलीं मतें आधीं नोंदविलीं होतीं. म्हणजे मन मोकळें करण्यास जागा ठेवली होती, आणि मग दार लावून घेतलें. ओबामा नोव्हेंबरांत ३६५ निर्वाचक मतांनीं निवडून आले.

मातोश्रींस ही हकीकत सांगितली तेव्हां त्या म्हणाल्या, "पुढें मोठें पद मिळालें ना तिला? मग त्यासाठींच केलें असेल." परराष्ट्रमंत्र्याचें पद त्यांना देऊं केलें तें निवडणूक झाल्यानंतर, हें आम्हीं निदर्शनास आणलें. मातोश्रींचें मत बदललेलें दिसलें नाहीं.

याच्या उलट चित्र १९८० सालचें. अध्यक्ष जिमी कार्टर गादीवर असतांना त्यांच्याच पक्षाचे सेनेटर एडवर्ड केनेडी त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. एक भाऊ १९६३ सालीं आणि दुसरा १९६८ सालीं गोळीस बळी पडलेला. त्यामुळें या तिसऱ्याच्या पाठीमागें केवळ मतें नव्हतीं, एक भक्ति होती. इकडे कार्टर यांनीं आदल्या वर्षींच एका मेजवानींत, केनेडी उभा राहिला तर त्याला चोपून काढीन, अशा अर्थाचें एक वाक्य उच्चारलें होतें; मूळ शब्द या मासिकांत छापण्याजोगे नाहींत. न्यू यॉर्कच्या अधिवेशनांत प्रतिनिधींस पहिल्या फेरींतच मोकळें करावें असा केनेडी यांचा आग्रह होता. ११ ऑगस्ट रोजीं तो फेटाळला गेला, आणि त्याच रात्रीं त्यांनीं उमेदवारी सोडली. १२ तारखेस त्यांनीं केलेलें भाषण अमेरिकेच्या उत्तम भाषणांत आजहि गणतात. कार्टर यांचें अभिनंदन त्यांत शेवटाकडे एका वाक्यांत उरकलेलें आहे. बाकी सारें भाषण आपलें कार्य आणि आपलें स्वप्न यांविषयीं. सभामंडपांत अर्धा तास गजर चालला. माणसें रडलीं. आमचा या भाषणावर आक्षेप इतकाच कीं ऐकणाऱ्यास दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठून काय करावयाचें तें त्यांत कोठें नव्हतें.

आणि मग १४ तारखेची रात्र. कार्टर यांचें स्वीकाराचें भाषण झालें; त्यांतहि पक्षाचे दिवंगत नेते हंफ्री यांचें नांव घेतांना त्यांची जीभ घसरून भलतेंच नांव तोंडून गेलें. भाषण संपल्यावर केनेडी आपल्या हॉटेलांतून निघून व्यासपीठावर आले. हस्तांदोलन केलें. दोघांनीं हातांत हात घेऊन ते उंच धरावयाचे आणि खालून छायाचित्रें निघावयाचीं, असा तिकडचा शिरस्ता आहे. कार्टर त्या क्षणाची वाट पाहत व्यासपीठावर केनेडींच्या मागें मागें. केनेडी इकडे एकाशीं बोल, तिकडे एकाचा हात हातीं घे. तो हात कांहीं वर गेला नाहीं. दूरचित्रवाणीवर देशानें तो देखावा पाहिला. लग्नांत विहिणीच्या हातून ताट न घेणारी दुसरी विहीण ज्यांनीं पाहिली असेल त्यांस अधिक वर्णन नको. नोव्हेंबरांत कार्टर यांच्या हातीं ५३८ पैकीं ४९ निर्वाचक मतें लागलीं. तेहरानांतील ओलीस आणि महागाई हीं त्याचीं मोठीं कारणें. तो हात वर गेला असता म्हणून निकाल फिरला असता, असें आम्ही म्हणत नाहीं. केनेडी त्या शरद्ऋतूंत कार्टर यांच्यासाठीं फिरलेहि. परंतु तो फिरलेला कोणाच्या लक्षांत नाहीं. न उचललेला हात आहे.

त्याच्या चारच वर्षें आधीं रिपब्लिकन पक्षांत रोनाल्ड रीगन अध्यक्ष फोर्ड यांच्याकडून ११८७ विरुद्ध १०७० अशा निसटत्या मतांनीं हरले होते. कॅन्सस सिटीच्या अधिवेशनांत फोर्ड यांनीं आपलें भाषण आटोपल्यावर रीगन यांस वरच्या कक्षांतून खालीं व्यासपीठावर बोलावून घेतलें. रीगन यांच्या हातीं कागद नव्हता. शंभर वर्षांनीं उघडावयाच्या एका पेटींत ठेवण्यासाठीं आपल्याला एक पत्र लिहावयास सांगितलें आहे, एवढ्या आधारावर ते कांहीं मिनिटें बोलले, आणि एकजुटीनें बाहेर पडा असें सांगून खालीं बसले. कित्येक प्रतिनिधींस तेथेंच वाटलें कीं आपण भलत्याच माणसास निवडलें! फोर्ड पुढें हरले, आणि रीगन यांनीं आपल्यासाठीं हवें तेवढें अंग झिजविलें नाहीं हा सल त्यांच्या मनांत राहिला. निरोपाचें भाषण फार चांगलें झालें तर तें जेत्यासहि महाग पडतें, असें दिसतें.

समर्थकांच्या बाजूनें पाहतां आम्हांस सर्वांत वाईट वाटतें तें थिओडोर रूझवेल्ट यांच्या अनुयायांचें. रूझवेल्ट १९०१ पासून १९०९ पर्यंत अध्यक्ष होते. आपल्यामागें टॅफ्ट यांस त्यांनींच पुढें आणलें, आणि मग त्यांच्याशींच बिनसलें. १९१२ सालीं प्राथमिक निवडणुका नुकत्या कोठें मूळ धरूं लागल्या होत्या. जेथें त्या झाल्या तेथें बहुतेक ठिकाणीं रूझवेल्ट जिंकले, खुद्द टॅफ्ट यांच्या ओहायोंतहि. परंतु शिकागोच्या अधिवेशनाच्या किल्ल्या टॅफ्टपक्षाच्या कमरेला होत्या. अध्यक्षस्थानीं रूट, हे रूझवेल्ट यांचे जुने स्नेही. त्यांचे निर्णय विरुद्ध गेले. रूझवेल्ट यांच्या सुमारें साडेतीनशें प्रतिनिधींनीं हजर राहून मत न देणें पसंत केलें, आणि ऑगस्टांत त्याच गांवीं नवा प्रोग्रेसिव्ह पक्ष जन्मास आला.

वांटणी झाली ती घराघरांतून झाली. रूझवेल्ट यांचे जांवई लाँगवर्थ हे ओहायोचे रिपब्लिकन प्रतिनिधी आणि टॅफ्ट यांचे गांववाले. ते टॅफ्ट यांच्या बाजूस राहिले. कन्या ॲलिस मनानें वडिलांच्या बाजूस. त्या निवडणुकींत जांवईबापूंची जागा अगदीं थोडक्या मतांनीं गेली. त्या घरांत त्या हिंवाळ्यांत जेवणाच्या टेबलावर काय बोलणें होत असेल, याची कल्पना आमच्या वाचक भगिनींनींच करावी. देशाच्या निवडणुकींत रूझवेल्ट यांस ८८ आणि टॅफ्ट यांस अवघीं ८ निर्वाचक मतें पडलीं. दोघां भांडणाऱ्यांच्या मधून डेमोक्रॅट विल्सन ४३५ मतें घेऊन गेले, आणि तेंहि देशांतील मतदारांपैकीं निम्म्यांहून कमी त्यांच्या बाजूस असतां.

पण खरी गोष्ट पुढेंच आहे. रूझवेल्ट यांच्यासाठीं हजारों माणसांनीं आपला जुना पक्ष, आपलीं स्थानिक पदें, जन्माचे स्नेहसंबंध तोडले होते. चार वर्षांनीं, जून १९१६ मध्यें, तीं माणसें पुन्हां शिकागोंत जमलीं आणि त्यांनीं मोठ्या प्रेमानें रूझवेल्ट यांचेंच नांव जाहीर केलें. उत्तर तारेनें आलें: या घटकेस मला उमेदवारी स्वीकारतां येत नाहीं. त्याआधीं त्यांनीं आपल्याऐवजीं नांव सुचविलें तें सेनेटर लॉज यांचें, म्हणजे या मंडळींस ज्या जुन्या वाटेचा वीट आला होता त्या वाटेचे पाईक! कित्येकांनीं छातीवरचे बिल्ले तेथेंच उपटून टाकले. रूझवेल्ट रिपब्लिकन उमेदवार ह्यूज यांच्या मागें गेले, आणि पक्ष विझला. राष्ट्राच्या दृष्टीनें त्यांचा हिशेब बरोबर असेल. महायुद्ध चालू होतें, आणि विल्सन जाणें त्यांना अगत्याचें वाटत होतें. पण ज्यांना घराबाहेर काढलें त्यांना घरीं परत नेऊन सोडण्याची जबाबदारी नेत्याची असते, ती तारेनें पार पडत नाहीं.

आमच्या थोरल्या काकांची एक आठवण येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कोंकणांतलें वडिलोपार्जित घर विकावयाचें ठरलें तेव्हां त्यांचा विरोध होता, आणि त्यांचे दोन्ही मुलगे त्यांच्यासाठीं साऱ्या भाऊबंदांशीं भांडले. शेवटीं काका एकटे पडले. सहीच्या दिवशीं त्यांनीं प्रथम मुलांना परसांत नेलें, तेथें अर्धा तास काय बोलले तें कोणास कळलें नाहीं, आणि मग ओटीवर येऊन पहिली सही स्वतः केली. मुलें वर्षभर घुश्शांत होतीं. पण दिवाळीस आलीं.

आतां फिलाडेल्फिया, २०१६. क्लिंटनबाई या खेपेस जेत्या होत्या आणि सँडर्स पडलेले. अधिवेशनाच्या तोंडावर, २२ जुलैस, पक्षाच्या कचेरींतील हजारों खाजगी पत्रें विकिलीक्सनें उघड केलीं. ज्यांनीं तटस्थ राहावयाचें ते अधिकारी सँडर्स यांच्या विरुद्ध बोलत होते हें त्यांतून दिसलें, आणि पक्षाच्या अध्यक्षांस पद सोडावें लागलें. म्हणजे आमच्या पुतणीच्या रागास आधार नव्हता असें नाहीं. २५ जुलैस दुपारीं सँडर्स यांनीं आपल्या प्रतिनिधींस एकत्र बोलावून सांगितलें कीं आपल्याला ट्रंप यांस हरवावयाचें आहे आणि क्लिंटन यांस निवडून आणावयाचें आहे. त्यांच्याच माणसांनीं त्यांची हुर्यो उडविली. सभामंडपांत गोंधळ करूं नका असे निरोपहि त्यांनीं धाडले. पुतणी त्या वेळीं बाहेर उद्यानांत उन्हांत बसलेली होती.

दुसऱ्या दिवशीं मतमोजणी झाली. परदेशस्थ डेमोक्रॅटांच्या वतीनें सँडर्स यांचे इंग्लंडांत राहणारे वडील बंधू लॅरी उभे राहिले आणि आपल्या दिवंगत आईबापांचीं नांवें घेऊन त्यांनीं धाकट्या भावास मत दिलें. बर्नी सँडर्स यांच्या डोळ्यांत पाणी आलें. त्यानंतर थोड्याच वेळानें त्यांनीं स्वतः उठून क्लिंटनबाईंची निवड एकमुखानें करावी असा ठराव मांडला.

नोव्हेंबरांत काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. तीन राज्यांतील मिळून ७८ हजारांच्या आंत-बाहेरच्या मतांनीं निकाल ठरला, आणि दोष सँडर्स यांच्या मंडळींवर आला. पुढें एका मोठ्या मतदार-पाहणींत त्यांच्या प्राथमिक मतदारांपैकीं शेंकडा सुमारें १२ जणांनीं ट्रंप यांस मत दिल्याचें आढळलें. आंकडा मोठा आहे. पण २००८ सालीं क्लिंटनबाईंच्या मतदारांपैकीं विरुद्ध पक्षाकडे गेलेल्यांचें प्रमाण पाहण्यांतून याहून जास्तच दिसतें, आणि तरी ओबामा सहज निवडून आले. तेव्हां घर पडलें कीं रुसलेल्या भावाकडे बोट दाखविण्याआधीं पायाहि तपासावा.

सँडर्स यांनीं फसवलें का? आमचें मत असें कीं फसवलें नाहीं, पण उशीर केला, आणि उशीर कशासाठीं तें आपल्या माणसांस नीट सांगितलें नाहीं. जूनच्या पहिल्या आठवड्यांत गणित संपलें होतें. जाहीर पाठिंबा आला १२ जुलै रोजीं. मधल्या पांच आठवड्यांत त्यांनीं बरेंच पदरांत पाडून घेतलें. तासाला १५ डॉलर किमान वेतनाची मागणी पक्षाच्या जाहीरनाम्यांत आली, आणि महाविद्यालयीन शिक्षणाच्या फीबाबत क्लिंटनबाईंस आपली योजना त्यांच्या दिशेनें वाढवावी लागली. ज्या पोरीनें दारें ठोठावलीं तिला "हें तुझ्या चालण्याचें फळ" म्हणून तें दाखवावयास हवें होतें. ती मात्र त्या पांच आठवड्यांत अजून जिंकूं अशाच भरंवशावर होती. २०२० सालीं सँडर्स यांनीं ही चूक केली नाहीं. ८ एप्रिलला मोहीम थांबविली, १३ एप्रिलला बायडन यांस पाठिंबा दिला, आणि दोघांच्या माणसांच्या सहा संयुक्त समित्या बसविल्या. म्हणजे रुसून बसणाऱ्यांच्या हातांत लगेच काम आलें.

दुसऱ्या पक्षांतील तऱ्हा थोडक्यांत सांगतों. २०१६ सालीं सेनेटर क्रूझ क्लीव्हलंडच्या अधिवेशनांत आले, अभिनंदन केलें, पाठिंबा दिला नाहीं, सद्सद्विवेकानें मत द्या म्हणाले, हुर्यो पत्करली, आणि दोन महिन्यांनीं पाठिंबा दिलाच. दोन्हीकडून वाईट. २०२४ सालीं पंजाबी शीख आईबापांच्या कन्या निक्की हेली यांनीं बाहेर पडतांना, माझीं मतें कमावणें हें आतां जेत्याचें काम, असें सांगितलें. त्यांत तथ्य आहे. मतें हीं गोठ्यांतलीं जनावरें नव्हेत कीं दावें सोडून दुसऱ्याच्या हातीं द्यावीं. पण मे महिन्यांत आपलें स्वतःचें मत, आणि जुलैंत अधिवेशनांतील व्यासपीठ, बाईंनीं त्याच जेत्यास दिलें. मधल्या काळांत त्यानें काय कमावलें तें आम्हांस शोधून सांपडलें नाहीं.

आपल्या बेळगांवच्या श्री ठाणेदारांचें नांव येथें घेतलें पाहिजे; त्यांचें मराठी आत्मचरित्र पुष्कळ घरांत वाचलें गेलें आहे. २०१८ सालीं ते मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठीं डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकींत स्वतःचे कोट्यवधि डॉलर खर्चून तिसरे आले. त्यांनीं पक्ष सोडला नाहीं. २०२० सालीं ते राज्याच्या विधिमंडळांत आणि २०२२ सालीं डेट्रॉइटकडून देशाच्या प्रतिनिधिगृहांत निवडून आले.

हें सारें आम्हीं पुतणीस लिहून पाठविलें, पंधरा पानें झालीं. तिचें उत्तर परवां आलें. पाटी तिनें टाकलेली नाहीं. नव्या बिऱ्हाडांत पुस्तकांच्या कपाटामागें उभी करून ठेवली आहे. २०१६ च्या नोव्हेंबरांत तिनें मत कोणास दिलें हें तिनें लिहिलेलें नाहीं, आणि आम्हींहि विचारलें नाहीं. मातोश्रींनीं मात्र बुटांविषयीं पुन्हां विचारावयास सांगितलें आहे.